घंटीला मत नसतं

मधुकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी रविवारच्या बैठकीची तयारी करत होते. कोण बोलणार, कोणानंतर कोण, चहा कोणाकडून, सतरंज्या झटकल्या की नाही, अशी चिठ्ठी मी दर शनिवारी करते आणि तिच्या पहिल्या ओळीत नेहमी एकच नाव असतं, बैठक चालवणाऱ्याचं. फोन ठेवला आणि पहिलं काम म्हणून ते नाव खोडलं. आता रडू येईल म्हणून थोडा वेळ तशीच बसून राहिले. रडू आलं नाही, राग आला. त्याला आता महिना उलटून गेला. राग तसाच आहे, म्हणून हे लिहिते आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं अशी आपल्याकडे रीत आहे. मधुकाकांबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी लिहिणारच. पण ज्या एका गुणासाठी सगळे आज त्यांना डोक्यावर घेत आहेत, त्याच गुणाशी माझं वीस वर्षांचं भांडण आहे... आणि ते मिटायच्या आत ते निघून गेले.

मधुकर पिंपळखुटे हे नाव आमच्या वाचनालयाच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नसेल. तारघरात नोकरी, पांढरा पायजमा, पूर्ण बाहीचा सदरा, सायकलच्या दांडीला अडकवलेली कापडी पिशवी. आमचं वाचनालय सीताबर्डीच्या मागच्या अंगाला, खाली वाचनाची खोली आणि वर अभ्यासिका. दर रविवारी दुपारी खालच्या खोलीत बैठक भरायची. एक विषय ठरवायचा, ज्याला बोलायचं त्याने आधी नाव द्यायचं आणि बोलायचं. काकांच्या आधी ही बैठक एक वकीलसाहेब चालवत. मी तेव्हा लहान होते, पण बाबांबरोबर जायची म्हणून आठवतं. वकीलसाहेब विषय सांगायचे, त्यावर स्वतःचं मत सांगायचे आणि मग विचारायचे, बोला, कोणाला काय म्हणायचं आहे? कोण काय बोलणार? मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांचे खटले त्यांच्याकडे. सगळे माना डोलवायचे, चहा प्यायचे आणि घरी जायचे. त्यांच्यानंतर बैठक मधुकाकांकडे आली तेव्हा पहिल्याच रविवारी ते घरून देवघरातली पितळी घंटी घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, ही ज्याच्या हातात असेल त्याला मत नाही. त्याने फक्त पाहायचं की सगळ्यांना बोलता येतं की नाही. आणि त्याला मत द्यायचंच असेल तर त्याने घंटी दुसऱ्याकडे द्यावी, खाली येऊन आपल्या पाळीने बोलावं. नियम त्यांचा. घंटी दुसऱ्याला द्यायची वाटही त्यांनीच ठेवलेली. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळं तिथेच येऊन अडलं.

नियमाचं कारण ते तारघरातलं सांगायचे. कुणाच्या घरी मरणाची तार येते, कुणाच्या घरी मुलगा झाल्याची. तार घेणाऱ्याने शब्द बरोबर घ्यायचे आणि पुढे पाठवायचे. खाली स्वतःचं 'फार वाईट झालं' लिहायचं नाही. लोक हसायचे, पण नियमाचा उपयोग दिसत गेला. वकीलसाहेबांच्या काळात भिंतीला टेकून बसणारी माणसं बोलायला लागली. गाडीतळावरचे, प्रेसमधले, कापड दुकानांत मापं काढणारे. मला पहिल्यांदा बोलायचं होतं तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि विषय होता मुलींच्या नोकरीचा. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात वसंतरावांनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, "मग पोळ्या कोण लाटंल गा?" वसंतरावांचं सीताबर्डीत कापडाचं दुकान होतं आणि वाचनालयाच्या कमिटीत त्यांचा शब्द चालायचा. खोली हसली. काकांनी घंटी वाजवली, खोली गप्प होईपर्यंत वाजवतच राहिले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू, बेटा." मी पुन्हा पहिल्यापासून बोलले. आज कुठल्याही सभेत उभी राहताना माझे पाय कापत नाहीत ते त्या घंटीमुळे. हे ऋण मी नाकारत नाही. पण ऋण आहे म्हणून राग येऊ नये असं कुठे आहे?

आता रत्नाबद्दल. रत्ना माझी कॉलेजातली मैत्रीण. नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची. छप्पन साली तिच्या घरच्यांनी इथेच नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरात पुस्तकाला मान होता, जागा नव्हती. एका खोलीत सगळं घर, दाराशी नळाची भांडणं, भिंतीपलीकडे कुणाचा तरी रेडिओ. आमची अभ्यासिका सभासदांच्या मुलांसाठी होती, पण पाहुणा आणायची पद्धत होती, म्हणून मी तिला पाहुणी म्हणून घेऊन जायची. खिडकीजवळ, पंख्याखाली एक खुर्ची होती. तिथे ती बसली की संध्याकाळी दिवे बंद करायला माणूस येईपर्यंत उठायची नाही. असं काही महिने चाललं. मग तिच्याबरोबर तिच्या वस्तीतल्या आणखी एक-दोघी यायला लागल्या आणि वसंतरावांना खुर्च्या दिसायला लागल्या. पाहुण्यांची पद्धत बंद करा, असं त्यांनी कमिटीला सांगितलं. बाबा आणि आणखी काही जणांनी उलट ठराव आणला की पाहुणे वगैरे नकोच, वाचनालयाच्या आसपासच्या सगळ्या विद्यार्थ्यांना अभ्यासिका खुली करावी. कमिटीने अंग काढून घेतलं. म्हणाली, बैठकीत चर्चा होऊ द्या, सभासदांनी हात वर करावेत, बैठक म्हणेल ते. रत्नाची बी.ए.ची शेवटची परीक्षा तोंडावर होती.

उन्हाळ्याचे दिवस. दाराला वाळ्याची ताटी लावलेली, तिच्यावर कुणीतरी मधूनमधून पाणी मारत होतं. कधी नव्हे इतकी खोली भरली होती. रत्ना आली नव्हती. मीच तिला म्हटलं होतं, ये. ती म्हणाली, माझ्याबद्दल लोक बोलतील आणि मी काय ऐकत बसू? मी मात्र खात्रीने गेले होते, कारण मधुकाकांचं मत मला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात अभ्यासिकेत रत्नाच्या टेबलाशी थांबून त्यांनी तिला इंग्रजीचा एक उतारा समजावून दिला होता आणि जाताना मला म्हणाले होते, ही मुलगी इथे बसलीच पाहिजे. बोलायला उभे राहिलेले सगळे खुर्च्यांवर बोलले. खुर्च्या किती, पंखे किती, जिना किती अरुंद, चपला कुठे काढायच्या, अनामत रक्कम नसेल तर पुस्तकं फाटली तर भरून कोण देणार... वसंतराव म्हणाले, "आम्ही काय कोणाले नाही म्हणून राहिलो का? खुर्च्या पाहा ना गा. आहेत का खुर्च्या?" एकाच्याही तोंडून खरा शब्द निघाला नाही. अगदी सभ्य चर्चा. मी उठले आणि म्हटलं की वर अर्ध्या खुर्च्या रोज रिकाम्या असतात. तुमची अडचण खुर्ची नाही, खुर्चीवर कोण बसतं ही आहे. घंटी वाजली. मला वाटलं खोलीसाठी वाजली. ती माझ्यासाठी होती.

"कोणाच्या हेतूवर बोलायचं नाही," काका म्हणाले. "विषयाला धरून बोल, बेटा."

हा पण नियमच होता आणि एरवी चांगला नियम होता. मी खाली बसले. हात वर झाले, मोजले, दोन्ही बाजू सारख्या. पुन्हा मोजले, तरी सारख्या. आमच्यात ठराव अडला की तो पडला असं धरायची पद्धत होती. कुणीतरी मागून म्हणालं, अध्यक्षांचं मत घ्या, तेवढ्याने होतं. सगळे काकांकडे बघायला लागले. त्यांनी घंटी उचलली. लोलक बोटाने धरून ठेवायची त्यांची सवय होती, म्हणजे उचलताना आवाज होत नाही. तशी धरून त्यांनी ती जरा वेळ नुसती पाहिली. मला अजून दिसतं ते. काकांच्या शेजारीच बाबा बसले होते. हात लांब केला असता तर घंटी बाबांच्या हातात गेली असती. उठले असते, चार पावलं पुढे येऊन म्हणाले असते, माझं मत असं आहे.

"घंटीला मत नसतं," ते म्हणाले, आणि बोट काढून त्यांनी ती वाजवली. बैठक संपली.

ठराव पडला. पुढच्याच आठवड्यात पाहुण्यांची पद्धतही बंद झाली, बैठकीने तसंच ठरवलं असं कमिटीने धरलं. रत्नाचा त्या वर्षी एक पेपर राहिला. तिने पुढच्या वर्षी तो काढला, मग बी.एड. केलं, आता कळमेश्वरला शाळेत शिकवते. तिचं काही अडलं नाही असं म्हणणारे भेटतात. तिचं एक वर्ष गेलं. ते ज्याचं जातं त्याला कळतं. आणि आमच्या वाचनालयाचं म्हणाल तर ज्या दारासाठी एवढी चर्चा, एवढे हात, ते दार पुढे काही वर्षांनी सरकारी अनुदान मिळवण्यासाठी आपोआप उघडलं. अनुदानाची अट होती, अभ्यासिका सर्वांना खुली हवी. वसंतरावांनी स्वतः सही केली. त्या दिवशी खुर्च्यांचा प्रश्न कुठे गेला ते कुणी विचारलं नाही. मी विचारणार होते, पण तो विषय बैठकीत नव्हता.

तुम्ही म्हणाल, एवढा राग होता तर मी बैठकीला जाणं का सोडलं नाही? कारण बैठक चांगली होती. इथेच तर गुंता आहे. नागपुरात दुसरीकडे कुठे एखादा गाडीवान आणि एखादा प्रोफेसर एकाच वेळेच्या हिशेबाने बोलताना मी पाहिले नाहीत. पुढे तयारीचं सगळं काम माझ्याकडे आलं आणि वर्षानुवर्षं मी काकांच्या डाव्या हाताला बसले. ते माझ्यावर लेकीसारखी माया करायचे. माझ्या लग्नात वाढायला उभे होते, मुलाला ताप आला की सायकलवर येऊन चौकशी करायचे. पण तो विषय निघाला की चष्मा पुसायला लागायचे.

शेवटचं भेटले ते त्यांच्या घरी, जायच्या काही दिवस आधी. दम लागायचा म्हणून पलंगावर उशा लावून बसले होते. कूलर चालू होता, त्याच्या आवाजात त्यांचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी कूलर बंद केला आणि सरळ विचारलं, त्या दिवशी तुमचं मत काय होतं, काका?

"तुला माहीत आहे."

"मला माहीत असून काय उपयोग? खोलीला माहीत व्हायला हवं होतं."

त्यांनी पाठीची उशी सावरली. मग म्हणाले, "मी बोललो असतो ना, तर वसंतराव आणि त्यांच्या बाजूचे पुन्हा आले नसते. मग बैठक म्हणजे आपल्यासारख्यांचंच मंडळ. पुन्हा वकीलसाहेबांचा दरबार."

"आणि बोलला नाहीत म्हणून रत्ना आली नाही."

ते चष्मा पुसायला लागले. ऊन फार होतं, खोली तापायला लागली, मी उठून कूलर पुन्हा सुरू केला. आमचं शेवटचं बोलणं ते. मला त्यांच्याकडून माफी नको होती. त्यांनी एकदा, निदान घरात, निदान मला, होय किंवा नाही म्हणायला हवं होतं. सुमनकाकूंना, त्यांच्या बायकोला, मी नंतर हे सांगितलं तर त्या त्याही दुःखात हसल्या. "घरी तरी काय वेगळं होतं वं? भाजीत मीठ जास्त झालं का विचारलं, तर म्हणे, तुले काय वाटते?"

शोकसभा आमच्याच खोलीत झाली. टेबलावर फोटो, हार आणि फोटोसमोर घंटी. जो उठला तो एकच शब्द बोलला, तटस्थ. काका तटस्थ होते, काकांनी कधी कुणाची बाजू घेतली नाही, चालक असावा तर असा. सगळ्यात जास्त वेळ वसंतराव बोलले. आता थकले आहेत, काठी घेऊन येतात. डोळ्यांतून पाणी काढून म्हणाले की मधुकरने एका शब्दाने आम्हाला कधी दुखावलं नाही. माझ्या मनात आलं, बरोबर आहे, तुम्हाला नाहीच दुखावलं. अशा तटस्थपणाची आठवण ज्याला इतकी गोड वाटते तो कोण आहे ते बघावं, म्हणजे तो तटस्थपणा कोणाच्या कामी आला ते समजतं. मी वेळ मोजत होते, म्हणून गप्प बसले. शोकसभेत घंटी वाजवायची नसते.

रत्ना कळमेश्वरहून बसने आली होती. सभा सुरू झाल्यावर आली आणि दाराशीच उभी राहिली, सांगूनही बसली नाही. सभा संपल्यावर चपला घालताना तिने मला एक गोष्ट सांगितली. तिला अभ्यासिका बंद झाल्यावर काका ड्यूटीवरून परतताना तिच्या घरी जायचे. तिला लागणारी पुस्तकं स्वतःच्या कार्डावर काढून पिशवीतून नेऊन द्यायचे. परीक्षा होईपर्यंत आणि पुढच्या वर्षीही.

"माय चहा द्याची, ते प्याचे बी," ती म्हणाली. "तुले सांगतलं नाही. म्हटलं, तू आणखी तापशील."

मी तापलेच. आजूबाजूच्यांनी ऐकलं तर म्हणतील, बघा, किती मोठा माणूस. मला मात्र तो सायकलवरचा माणूस डोळ्यांसमोर आला आणि वाटलं, नाला ओलांडून रोज जाता येत होतं, टेबल ओलांडून एकदा येता आलं नाही? चांगुलपणा पिशवीत झाकून न्यायचा आणि खोलीत येऊन घंटी धरायची. मी रत्नाला विचारलं, तुला राग नाही आला कधी? तिने पायातली चप्पल नीट केली.

"पुस्तकं तर कुठूनबी भेटतात वं," ती म्हणाली. "मले तिथं बसाचं होतं. खिडकीजवळ."

काकूंनी घंटी माझ्याकडे दिली. बैठक आता तूच चालव असं कमिटीचंही म्हणणं पडलं, बहुधा मी कामं वेळेवर करते म्हणून. पहिल्या रविवारी मी ठरवूनच गेले होते की हा नियम मोडायचा. विषय होता वाचनालयासमोरची मोकळी जागा दुकानांना द्यावी की नाही. घंटी टेबलावर ठेवली, उभी राहिले आणि सांगून टाकलं की मी बैठक चालवणार आणि माझं मत असं आहे की दुकानं नकोत, मुलांना सायकली ठेवायला जागा नाही. आता बोला. बोलणारे बोलले, बहुतेक माझ्याच बाजूने. चौथं नाव एका कॉलेजातल्या मुलीचं होतं. दुकानं हवीत असं ती बोलणार होती, आदल्या दिवशी तिने मला मुद्देही सांगितले होते, तिच्या भावाला तिथे झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं. तिचं नाव घेतलं तर ती बसूनच म्हणाली, नाही मॅडम, माझं झालं. तिचं काहीच झालेलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि वकीलसाहेबांची ती माना डोलवणारी खोली मला आठवली... हात मोजणं मी पुढच्या रविवारवर ढकललं. घरी येताना मला काकांचा नव्याने राग आला. अर्धं तरी त्यांचं बरोबर होतं आणि ते मला सांगायला ते राहिले नव्हते.

पण अर्धंच. दुसऱ्या रविवारी विषय तोच ठेवला, नियम मात्र काकांचा, शब्दन् शब्द त्यांचा. सगळ्यांना आधी बोलू दिलं. त्या मुलीला मी स्वतः घरी जाऊन बोलावून आणलं होतं. ती बोलली, आणि चांगली बोलली. तिच्या भावाचं म्हणणं मला आधी जेवढं पोकळ वाटलं होतं तेवढं ते नव्हतं. वसंतराव तिच्या बाजूने बोलले, काठी आपटून. सगळे झाल्यावर मी घंटी उचलली. रत्ना त्या दिवशी आली होती. आदल्या आठवड्यात विचारलं तर म्हणाली होती, येतो, पण भाषणाले नाही, बसाले. खालच्या खोलीतही खिडकीजवळच खुर्ची ओढून बसली होती. मी टेबलामागून निघाले, तिच्याजवळ गेले, घंटी तिच्या हातात दिली आणि सगळे बोलतात त्या जागी जाऊन उभी राहिले. खोलीत चुळबुळ झाली. बैठकीच्या जन्मापासून हे कुणी पाहिलं नव्हतं. मी बोलायला लागले. जागेबद्दल बोलले, सायकलींबद्दल बोलले, आणि मग बोलता बोलता खुर्च्यांवर आले. वर्षानुवर्षं साठलेलं होतं, कुठे थांबायचं सुचेना. वसंतराव खाली बघत होते. तेवढ्यात घंटी वाजली.

"वेळ झाला वं तुझा," रत्ना म्हणाली. "आणि विषय दुकानाचा हाय."

खोली हसली. मी पण हसले, दुसरं काय करणार. हात वर झाले, माझी बाजू थोडक्यात हरली. दुकानं होणार आहेत. वसंतराव पुढच्या रविवारी येतो म्हणून गेले.

एवढंच करायचं होतं, काका. घंटी शेजारच्याला द्यायची, चार पावलं यायचं, बोलायचं, हरायचं किंवा जिंकायचं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसायचं. छत पडलं नाही. कुणी बैठक सोडून गेलं नाही. निघताना रत्नाने घंटी मला परत दिली. तुमची ती सवय तिला माहीत नाही. तिने लोलक बोटाने धरला नाही. सगळी खोली ओलांडून घंटी वाजत वाजत माझ्याकडे आली.